माहीत नाही

जानेवारीतला मंगळवार. स्विंडन. रात्रीचे साडेनऊ.
टेबलावर लॅपटॉप, निम्मी खाल्लेली पोळी
आणि विद्याधरची एक्सेल शीट:
पंचवीस युनिव्हर्सिट्या, बारा रकाने,
खोलीभाडं लाल रंगात, घरापासूनचं अंतर हिरव्यात.
निवडायच्यात पाचच. पण हा
स्थळं बघायला निघाल्यासारखा
प्रत्येक गावाचं कूळमूळ काढत बसलेला.

"लँकेस्टर फार लांब पडतं."
"म्हणूनच तर," शार्दूल म्हणतो.

शाळेत त्याला शार्ड म्हणतात.
म्हणजे फुटक्या भांड्याचा तुकडा.
मी बारशाला वाघ ठेवला होता.

ऑक्टोबरात गेलो होतो तिथे, ओपन डेला.
फुकटच्या कापडी पिशव्या, फुकटची पेनं.
एका हसऱ्या बाईंनी विचारलं, "तुम्हाला काही शंका?"
मी विचारलं, वसतिगृहात फ्रीज किती जणांत एक?
खरं तर खिडकीजवळ ओळीने
सूक्ष्मदर्शक झाकून ठेवलेले होते,
आणि त्यातल्या एकाचं प्लास्टिकचं टोपडं
मला नुसतं उचलून बघायचं होतं.

"झोपायच्या आधी एकदा नजर टाक ना,"
लॅपटॉप माझ्याकडे सरकवून तो वर गेला दात घासायला.
निवेदन चार हजार अक्षरांचं, मोकळ्या जागा धरून.
मोकळ्या जागाही मोजतात इथे,
हे मला आवडलं.
दोन ठिकाणी जागा जास्त होती, ती काढली.
'जिज्ञासा' या अर्थाचा शब्द पाच वेळा आला होता,
तो राहू दिला.

मग पुढचं पान.
पालकांपैकी कुणी पदवीधर आहे का?
हो. नाही. माहीत नाही. सांगायचं नाही.

त्याने 'माहीत नाही' निवडलं होतं.

राग नाही आला.
म्हणजे आला, पण कुणाचा ते पटकन सापडेना.
शाळा सुटली की तो पोस्टातच यायचा,
माझ्या काउंटरमागच्या स्टुलावर बसून बेरजा करायचा.
पार्सल तराजूवर ठेवणारी, शिक्का मारणारी,
"आत काही ज्वालाग्राही?" असं दिवसातून दोनशेदा विचारणारी बाई,
एवढीच त्याने पाहिलेली.
मला कुणी ते विचारलंच नाही, हे खरं.
मीही सांगितलं नाही, हेही.
एम.एस्सी., वनस्पतिशास्त्र, कोल्हापूर,
पासपोर्टांच्या फायलीत,
त्याच्या लसींच्या कार्डामागे.

तोंडात ब्रश तसाच, तो जिन्यावर उभा.
"झालं का गं? पाठवू?"
"एक उत्तर चुकलंय."
तो खाली आला. वाचलं.
माझ्याकडे पाहिलं, मग बाबाकडे.
विद्याधर म्हणाला, "माझा डिप्लोमाच. हिचं विचार."

"कशात?"
"शेवाळात."
तो हसला. पेस्टचा ठिपका बटणांवर उडाला.
मग हसायचा थांबला. "खरंच शेवाळात?"
आंबोलीच्या खडकांवरचं, मी म्हटलं,
दोन वर्षं, गुडघे टेकून, भिंगातून.
"मग सोडलंस का?"

चार हजार अक्षरांत बसलं असतं कदाचित.
मी म्हटलं, "आधी तोंड धुऊन ये."

तो गेला नाही.
मागचं दार उघडून, मोज्यांवरच,
मोबाइलचा दिवा लावून अंगणाच्या भिंतीपाशी वाकला.
"इथे पण आहे. हे कुठलं?"
गार वारा आत आला, एक्सेल शीटचा छापलेला कागद उडाला,
विद्याधर ओरडला, दार लावा रे.

मी चपला शोधत होते.
नाव तोंडावर येत होतं, पुरतं येत नव्हतं.
फ्यु, फ्युना.
"थांब," मी म्हटलं, "हात नको लावूस,
चष्मा घेऊन येते."