शिडाची होडी, बोली नऊ हजार

झांजेरीच्या तळ्यावर शीड कुणी पाहिलेलं नाही.
इथे डोंगे आहेत, सलग खोड कोरून केलेले,
शिंगाड्याच्या वेलांतून बांबूने रेटायचे.
ही मात्र फायबरची. पांढरी,
म्हणजे कधीतरी पांढरी असावी.

बोट क्लब बंद पडला तेव्हा
मोरेश्वर वलथरेचा अकरा महिन्यांचा पगार अडकला,
त्या बदल्यात ही मिळाली.
चार वर्षं गोठ्यामागे पालथी.
तिच्या पोटाखाली कोंबडीने
तीनदा पिल्लं काढली.

मी वायरमन. एकतीस वर्षं खांबावर.
वारा मला तारांच्या आवाजावरून कळतो,
कोणत्या झुळकीला कुठलं जंपर सुटेल
हे मी जेवता जेवता सांगायचो.
पाण्याचं मात्र मला काही कळत नाही.
गुडघ्यापलीकडे गेलोच नाही कधी.

पकडीच्या मुठीने ठोकत गेलो,
खांब आतून पोकळ आहे का, तसं बघत.
टण, टण, टण,
आणि डाव्या कुशीला एकदम बद्द.
मोरेश्वर आभाळाकडे बघायला लागला.

डोलकाठी वाकलेली. ती मी सरळ करीन.
दोर कुजलेले. दोर माझ्या घरी आहेत.
सुकाणू नाहीच.
"होतं जी," तो म्हणाला,
"पोराईनं त्याचं क्रिकेटचं स्टंप केलं."

शीड गव्हाच्या कणगीवर झाकलेलं होतं.
उलगडलं तर उंदरांनी कुरतडलेल्या भोकांतून
अंगणात उन्हाचे ठिपके पडले.
मी उगाच एक ठिपका बोटाने दाबला.

पार्बताबाई पोवनकांदे घेऊन चालली होती,
टोपली न उतरवताच थांबली.
"कपडा कायले बांधते नावेले?"
"वाऱ्यावर चालते."
"अना वारा नसला तं?"
मला उत्तर सुचलं नाही.
तिलाच सुचलं :
"मंग माह्या डोंग्याले दोर बांधजो."

मग तिनेच युक्ती सांगितली.
"सुलटी करा. पानी भरा तिच्यात.
जेथून आतलं पानी बाहेर येते
तेथूनच बाहेरचं आत जाते."

हापशी ते गोठा, बत्तीस बादल्या.
शाळेतून सुटलेली पोरं ओळीत लागली,
दोघं दप्तरासकट आत जाऊन बसली.
कोरड्या जमिनीवर, शेणाच्या ढिगाशेजारी,
होडी पाण्याने भरली
आणि तिच्यात चिंचेची फांदी हलायला लागली.

पहिली धार नाकाशी. खडूने एक लिहिलं.
दुसरी कुशीत, जिथे बद्द वाजलं होतं तिथे.
तिसरी तळाशी, फळी घालायच्या खाचेजवळ,
बारीक, म्हाताऱ्याच्या डोळ्यासारखी.
तिन्हीला घरचा चिकट लाख लावला, चिंध्या कोंबल्या,
धारा थांबल्या.
मी मनात रेझिनचा, कापडाचा,
लाखांदूरच्या दोन फेऱ्यांचा हिशोब धरला.
नऊचे चौदा होत होते.

पण काठाशी ओढलेली खडूची रेघ
तासाभराने चार बोटं वर दिसली.
खाली माती कोरडी. कुठे थेंब नाही.
आम्ही दोघं आडवे पडून, गाल जमिनीला लावून
खालून बघत राहिलो.
"मोरेश्वर, हे पाणी जातं कुठे?"
तो बराच वेळ बोलला नाही.
खोटं बोलायला इतका वेळ पुरला असता.
"ते मले बी नाई समजलं, साहेब."

घरी कुंदाने एवढंच विचारलं,
"तुमाले पवता येते का?"
आणि ताटात वांग्याची भाजी वाढली.

सकाळी जाऊन इसार दिला. पाचशे.
बाकीचे, म्हटलं,
चौथी जागा सापडली की.
रात्रीतून पाणी अजून दोन बोटं उतरलं होतं.
काठावर एक बगळा बसून
आत वाकून बघत होता.