कधीमधी

शेफील्डच्या या दवाखान्यात नाव नोंदवायचं
तर चार पानी फॉर्म भरावा लागतो.
तिसऱ्या पानावर विचारतात, धूम्रपान?
पुढे तीन चौकोन. करते. सोडलं. कधीच नाही.
कधीमधीला चौकोन नाही.

मी पेन टेकवून बसले.
माझं सगळंच कधीमधीचं.
गुरुवारी शिफ्ट संपल्यावर बेथनबरोबर,
तीही बेथनच्याच पाकिटातली;
विकत घेतली नाही म्हणजे ओढली नाही
असा आपला माझा हिशेब.
पबच्या मागच्या दाराशी, बिअरचे रिकामे पिंप रचलेले असतात तिथे
हातात अर्धा ग्लास घेऊन आम्ही काकडत उभ्या.
आत सगळे ओरडतात. बोलतात ते बाहेर.
ताडेउशच्या वडिलांचं ऑपरेशन मला तिथे कळलं,
बेथनचं लग्न मोडल्याचंही तिथेच,
आणि तीन वर्षं झाली तरी स्वप्नं अजून
इचलकरंजीतच पडतात, हे मी
पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं तेही तिथेच,
मराठीत, कुणाला कळलं नाही तरी.

पुढचा प्रश्न, धाप लागते का?
लागते. पण हे गावच सगळं चढाचं,
इथे पोस्टमनलाही लागते.

मग, आठवड्याला किती युनिट?
युनिट मला माहीत ते विजेचे.
बिल उजेडाकडे धरून दादा विचारायचे,
एवढे युनिट जळले कसे?
वरच्या खिशात पुडी, चुन्याची डबी.
कुणी हटकलं तर म्हणायचे,
जेवणानंतर घेतो चिमूटभर, कधीमधी.
त्या हिशेबाने ते दिवसातून नऊ वेळा जेवायचे.

मी लिहिलं, दोन.
शनिवार धरला नाही.
आणि ‘कधीच नाही’वर खूण केली,
इतकी दाबून की चौथ्या पानावर उमटली.

नर्सने दंडाला पट्टा बांधला, फॉर्म चाळला,
शाब्बास, माझ्या बदका, म्हणाली.
इथे माया अशीच करतात.

बाहेर आले तर ट्राम नुकतीच गेलेली.
भिंतीआड, कचऱ्याच्या निळ्या डब्यांपाशी
तीच नर्स, गणवेशावर कुणाचा तरी मोठा कोट,
ओठांत न पेटलेली.
‘लायटर आहे का गं?’
माझा हात माझ्या आधी खिशात गेला.
हिरवा लायटर.
हा मात्र मी विकत घेतलेला.

वारा अडवायला दोघींचे तळवे लागले.
ज्योत धरली, मग तिने माझ्याकडे पाहिलं,
लायटरकडे पाहिलं,
‘मीही सोडलीय,’ म्हणाली, ‘मार्चमध्येच,’
आणि पाकीट पुढे केलं.

दुसरी ट्राम आली. थांबली. गेली.

तेवढ्यात फोन. दादा.
इथे किती वाजलेत ते न बघता
जेवलीस का, विचारतात.
जेवतेच आहे, म्हटलं,
आणि धूर फोनपासून लांब सोडला,
जणू वास जातो तिकडे.
बरं, बरं, म्हणाले ते,
शब्द गालात अडकल्यासारखे,
आणि थुंकायला जरा थांबले.