दुसरी पाळी

पाळी सुटते तेव्हा कानात बारा माग चालूच असतात.
अक्कलकोट रोडवरून दाजी पेठेपर्यंत सायकल मारताना
ते एकेक करून बंद पडतात.
डाव्या कानातला मात्र पडत नाही.

म्हणून मी ओरडून बोलतो. सवय.
शेडमध्ये तर आम्ही बोटांनीच बोलतो,
अंगठा तोंडाशी नेला की चहा,
मिशीवरून बोट फिरवलं की मालक आला.
उरलेलं ओठांवरून वाचायचं.

घरात पाच महिन्यांची पोर.
आमच्या तेलुगूत बाळाला म्हणतात पाप.
खाली नव्यानं राहायला आलेल्या परांड्याच्या मावशी
पहिल्या दिवशी दचकल्याच.
राजमणीनं समजावलं, मावशी,
शेवटचा अ जरा ओढा,
तुमचाच पापा होतो बघा.

डोस पाजायला नेली तर सिस्टर म्हणाली, हिच्याशी बोलता का?
काय बोलू? तिला काय कळतंय?
कळू दे, न कळू दे. बोला, आणि मग थांबा.
तुमची पाळी संपली की दुसरी पाळी तिची.
तेवढ्यात मेंदूत धागे जुळतात.

धाग्याचं मला सांगते.
सोळाव्या वर्षापासून तुटलेली तार बांधतोय मी.
तिथं गाठ बसली की टॉवेल पुढं सरकतो,
दिसतो.
इथलं कोण बघून आलंय?

तरी रात्री, राजमणी विड्यांचे कट्टे बांधत बसलेली,
तिच्याकडं पाठ करून
हळूच म्हटलं पोरीला,
आज सूत आलं नाही.
चार नंबरचा माग दुपारपर्यंत उपाशी होता.

आणि थांबलो.

थांबणं मला जमत नाही.
माग थांबला की मजुरी थांबते,
हात आपोआप काहीतरी शोधायला लागतात.

ती डोळ्यांत बघतच नव्हती.
ओठांकडं बघत होती,
शेडमधला व्यंकटेश बघतो तशी,
एक शब्द सुटू नये म्हणून.
मग हात वर गेला. पाची बोटं उघडली, मिटली.
थुंकीचा फुगा आला, फुटला,
त्यामागून काहीतरी.

आवाज होता का, देव जाणे,
डाव्या बाजूला होती ती.
पण ओठ मी वाचले.
अग्गू.

तिला उचलून उजवीकडं घेतलं.
म्हटलं, चेप्पु. सांग की. मग?

मागं राजमणी
विड्या मोजता मोजता चुकली,
पुन्हा एकपासून.