काळी पाच

मोहननगरात मे महिन्यात दुपारी तीनला
कूलर काळी पाचमध्ये घुमतो.
तिरपुडे सर म्हणतात, "हाच आपला षड्ज समज."
मग तबकडीवर सुई.

चाळीस वर्षं अजनीच्या शेडमध्ये इंजिनं उघडली त्यांनी,
सिंफनीही तशीच उघडतात:
"हे पाय, चार सुरांचा नट. साऱ्या गाडीत हाच फिरते.
इथं चेलोत, तिथं उलटा करून हॉर्नमंदी."

ही धून घरी कधी येणार, सर?
"कायले घाई करतो बे? आधी तिले हरवू तर दे."

आणि नेमकी तिथंच,
व्हायोलिनं परक्या पट्टीत दारं ठोठावत असताना,
लाइट गेली.
सूर घसरत घसरत
म्हशीच्या हंबरण्यापर्यंत खाली गेले.
कूलर थांबला. आमचा षड्जच गेला.
उरलं वाळ्यातून टपकणारं पाणी
आणि लांब कुठेतरी शंटिंग.

सरांनी घाम पुसत माझी वही ओढली,
लाल पेन्सिलीनं ट्रम्पेट खोडत गेले,
सोळाच्या सोळा बार.
"आनंद झाला, हे तूच सांगून टाकलं.
मंग ऐकणाऱ्यानं काय करावं?"

पस्तीस मिनिटांनी लाइट आली.
सुई होती तिथंच होती. धून विहिरीतून वर यावी
तशी चढत चढत आपल्या पट्टीत आली,
कूलरशी मात्र जुळली नाही, किंचित वरच राहिली.

ट्रम्पेटच्या रिकाम्या ओळीत मी लिहिलं: टप्.

"हे वाजवीन कोण बे?" सर म्हणाले,
आणि बादली घेऊन
कूलरमध्ये पाणी टाकायला उठले.