मगरमोजणी

मुलाखतीत सरांनी आडनाव वाचलं आणि हसले,
"घोरपडे? म्हणजे सरपटणाऱ्यांत तुम्ही आधीपासूनच."
मग विचारलं, पायथन येतं का.
प्राणिशास्त्राच्या त्या खोलीत
कपाटावर, फॉर्मॅलिनच्या बरणीत एक अजगर होता,
पिवळ्या चिठ्ठीवर हेच नाव.
मी म्हटलं, येतं.
अर्धं खोटं होतं. ते अर्धं
दांडिया बाजारच्या माडीवर तीन आठवडे जागून खरं केलं.
आई कूस बदलत म्हणायची,
एम.एस्सी. झाली ना तुझी? मग आता कसली परीक्षा?

काम असं: विश्वामित्रीच्या काठाला सात कॅमेरे,
रात्रीचे फोटो,
पाण्यावर ठिणग्यांची जोडी दिसली की एक मगर.
पहिल्या रात्री कोडनं एकशे बारा मोजल्या.
त्यात एक पत्रा होता,
आणि काला घोडा पुलावरून गेलेल्या स्कूटरी.

छीताभाई माछी, रोजंदारीवर,
बॅटऱ्या बदलायला ठेवलेले,
माझ्या खुर्चीमागून स्क्रीनकडे बघत म्हणाले,
"आ तो एकनी एक ज छे, बेन."
शेपटीचा तिसरा दाता तुटलेली ती.
दिवेलागणीला पुलाखाली,
दहानंतर स्मशानाच्या अंगाला,
कुत्री भुंकली की परत.
कसं ओळखता, विचारलं, तर म्हणाले,
शेजारीण पाठमोरी चालली असली
तर तुम्ही काय तिला दोनदा मोजता?

ते सांगत गेले, मी लिहीत गेले.
जर दाता तुटका असेल,
जर मधे चाळीस मिनिटांहून कमी गेली असतील,
तर एकच धर.
त्यांच्या प्रत्येक "जर"नंतर विडीचा एक झुरका,
माझ्या "जर"खाली चार रिकाम्या जागा.

एकशे बाराच्या एकोणतीस झाल्या.
सर खूश. शोधनिबंधावर सहा नावं,
पैकी दोघांनी नदी पाहिली ती गाडीच्या काचेतून.
पाचवं माझं.
छीताभाईंचं कुठे घालू, विचारलं.
"त्यांचं व्हाउचर निघालं ना?"

अकरा महिने भरले.
विभागाच्या फळ्यावर नवी जाहिरात आहे,
कोडिंग आवश्यक, ठळक अक्षरात.
पोहता यावं असं कुठे म्हटलेलं नाही.
माझ्या जागी येईल त्याचं नाव मला माहीत नाही.
तो फाइल उघडेल,
दोनशे सतराव्या ओळीशी थबकेल,
चाळीसच का, म्हणेल, आणि बदलायला जाईल.
त्याच्या जरा वर
मी हॅश लावून तीन ओळी ठेवल्या आहेत.
हॅश दिसला की यंत्र न वाचता पुढे जातं.

# छीताभाई माछींना विचारा.
# संध्याकाळी पुलाखाली असतात.
# फोन उचलत नाहीत, जावं लागतं.