किटलीतला खडू

तीन आठवडे झाले,
विल्फ काळी बिअर निवडतोय.
टेबलभर कागद.
चहाचा कप कुठे ठेवू
हे विचारणं मी सोडून दिलंय.

अकरा वर्षं डब्यातल्या पाकावर काढली त्यानं:
डबा उघड, गरम पाणी ओत, ढवळ.
यंदा म्हणे दाण्यापासून.
"पाव भाजून घेणं वेगळं, एनिड,
आणि पीठ मळणं वेगळं."
मी त्याला पीठ मळताना कधीच पाहिलेलं नाही.

पहिली पाककृती डांबरासारखी,
वर्षभर मुरवायची, चमच्याचमच्यानं प्यायची.
माल्ट नऊ किलो.
आपल्या पिंपात सहा मावतं.
त्यानं टेप लावून पिंप पुन्हा मोजलं.
मोजल्यानं ते वाढलं नाही.

दुसरी जर्मन, काळी पण अंगानं हलकी,
तिला म्हणे थंडगार जागेत
महिना दीड महिना झोपू द्यावं लागतं.
गॅरेजमधला पारा सोळावर.
"फ्रिजचे खालचे दोन कप्पे..." त्यानं सुरुवात केली,
माझ्याकडे पाहिलं
आणि कागदाची घडी घातली.

उरली पोर्टर, आणि ओट्स घातलेली स्टाउट.

शनिवारी कॉर्नफर्थच्या दुकानातून
पाच पुड्या आणल्या, पाच बशांत ओतल्या.
चावून बघ म्हणाला.
चॉकलेट नावाच्या माल्टमध्ये चॉकलेट नसतं,
एवढं माझ्या पदरात पडलं.
भाजलेलं काळं बार्ली मात्र
आधी करपल्या टोस्टची काजळी,
मग बऱ्याच वेळानं, दाढेशी, कॉफी.
दातांत अडकून राहिलं ते रात्रीपर्यंत.

पोर्टर म्हणजे हमाल, तो वाचून दाखवत होता,
ओझी वाहणारे प्यायचे म्हणून हे नाव.
त्याचे वडील ग्रिम्स्बीच्या धक्क्यावर
रात्रभर माशांच्या पेट्या उतरवायचे.
मी म्हटलं, चला, ठरलं,
आता डोळे पुसायचे आणि पोर्टर करायची.
"बाबा?" विल्फ म्हणाला,
"बाबा पक्के मेथडिस्ट. थेंबाला शिवले नाहीत.
धक्क्यावर सगळे त्यांना लिंबू सरबत म्हणायचे."

रविवारी मी किटलीत व्हिनेगर ओतलं,
दर रविवारी ओतते तसं.
आमच्या टेकड्या खडूच्या,
नळालाही त्याच टेकड्या येतात;
चहावर साय धरते, शॉवर बुजतो,
किटलीच्या तळाशी पांढरे पापुद्रे.
सदतीस वर्षं मी ते खरवडतेय,
लग्नातल्या शपथांत हे नव्हतं.

"थांब," विल्फ म्हणाला.
किटलीत असा वाकून पाहू लागला
जसं काही आत कुणी पडलंय.
मग कागदावरच्या एका ओळीवर बोट:
काळ्या दाण्याचा आंबटपणा
जड पाणी सावरून घेतं.
"गोरी बिअर इथे बिघडेल, एनिड,
काळीला आपलंच पाणी हवं."
म्हणजे पोर्टरही चालेल, मी म्हटलं,
आणि स्टाउटही.
त्याचा चेहरा पडला.

मी फडताळ उघडलं.
डॉक्टरांनी सांगितलं म्हणून आणलेले,
दोनदा खाल्लेले,
अर्धा किलो ओट्स.
मुदत संपायला अकरा दिवस.
"स्टाउट," मी म्हटलं.

आज सकाळी गॅरेजमध्ये आधण ठेवलंय.
कापडाच्या पिशवीत दळलेलं माल्ट, वर माझे ओट्स,
वास येतोय ओल्या पुठ्ठ्याचा, गरम बिस्किटाचा.
चोथ्याला बेरिलच्या कोंबड्या आताच कुंपणाशी उभ्या.
शिजेपर्यंत तो दम धरेल, मला ठाऊक आहे;
निवेपर्यंतचं सांगता येत नाही.

वाफेनं त्याचा चष्मा धुरकटलाय.
"किती झालं? सदुसष्ट हवं, बरोबर सदुसष्ट."
मी पारा उजेडाकडे धरते.
अडुसष्ट.
"सदुसष्ट," मी सांगते,
आणि झाकण लावते.