केरसुण्यांचा रविवार

गोरिझियाच्या वर्गात दर शरदात
मी फळ्यावर तीन चौकोन काढते.

पहिल्यात कोळसा आणि पोलाद:
बोट दिलं की हात जातो, हातामागून खांदा,
असं ओघळत ओघळत
राज्यं एकमेकांत मिसळतात, म्हणे.
दुसऱ्यात कुणीच मिसळत नाही.
ज्याची किल्ली त्याच्या कमरेला,
पहाटे तीनला मासळीच्या कोट्यावर सह्या होतात
त्या डोळे मिटायला लागले म्हणून.
तिसऱ्यात मजले: गाव, प्रांत, देश, ब्रुसेल्स.
जिना कुठे काढायचा ते दरवर्षी विसरते.

उदिनेहून येणारी ओर्नेल्ला विचारते,
"मॅडम, परीक्षेत यातलं खरं कुठलं?"

खरं?
सत्तेचाळीस साली चुन्याची रेघ आली,
मिरेनच्या दफनभूमीत थडग्यांवरून गेली.
एकाच माणसाचं डोकं इटलीत, पाय युगोस्लावियात.
त्याला कुणी पासपोर्ट मागितला नाही,
एवढी दया होती.

तीन वर्षांनी, ऑगस्टातल्या एका रविवारी,
पलीकडच्या नातलगांना लांबून हात करायला जमलेली माणसं
अचानक चालायला लागली.
माझे वडील वेकोस्लाव, वय वीस, नाक्यावर पहाऱ्याला.
हातात बंदूक, समोर शेजारची मिल्का.
ते बाजूला झाले.
हुकूम नव्हता, विचारही नव्हता, सांगायचे,
ऊन फार होतं.

संध्याकाळी माणसं परतली.
कुणी पळून गेलं नव्हतं, जवळपास.
खांद्यावर केरसुण्या, ज्वारीच्या काड्यांच्या,
शेकडो.
आमच्या बाजूला घर झाडायलाही काही मिळत नव्हतं.

हे कुठल्या चौकोनात घालू, ओर्नेल्ला?

नंतर नाका गेला, नाणं एक झालं,
स्टेशनसमोरच्या चौकात तबकडी बसली,
लोक एक पाय इकडे, एक तिकडे ठेवून फोटो काढतात.
मग साथीच्या वसंतात रातोरात जाळी उभी राहिली.
तिच्या दोन बाजूंना खुर्च्या टाकून
दोन म्हातारे बुद्धिबळ खेळायचे,
प्रत्येकाचा पट वेगळा,
चाली ओरडून, आपापल्या भाषेत.
घोड्यावरून भांडण व्हायचं.

"दुसरं लिही," मी म्हणते, "गुण मिळतील."
ती लिहून घेते. घंटा होते.
फळा पुसताना आठवतं:
मिल्काने जाताजाता एक केरसुणी
वडिलांच्या हातात ठेवली होती.
त्यांनी जकात लावली नाही.
घरी नेली,
आणि आईने विचारलं, कुठून आणलीस,
तर म्हणाले, शेजारून.